एकच ताण

ताणावर सोडलेल्या संत्र्याचं पान दुपारी मधल्या शिरेवर मिटतं. दोन्ही कडा वर उचलल्या जातात आणि खालची फिकट बाजू बाहेर दिसू लागते. संध्याकाळी हवा निवली की पान सैल पडतं, आणि पहाटे बोट फिरवलं तर पुन्हा सपाट लागतं. पहाटे उघडतं तोवर झाड फक्त तहानलेलं असतं. पहाटेही मिटलेलंच राहिलं, तर ते तहानेच्या पुढे गेलेलं असतं.

गोपिकाने मुरमाच्या तुकड्यातल्या झाडाचं पान बोटांत धरलं. मिटलेलं होतं. शेजारच्या झाडाचंही. तिने फांदीला नख लावून साल खरवडली. आत हिरवं होतं, पण नखाला ओल लागली नाही.

"आवो, इकडे या बरं."

रुपराव ओळीच्या टोकाला सल काढत होता. वाळलेल्या काड्या कात्रीने छाटायच्या, छाटलेल्या जागी बोर्डोचा निळा लेप लावायचा. कोपरापर्यंत हात निळे झालेले. तो कात्री घेऊनच आला.

"काय झालं?"

"रात्रभर उघडलं नाही हे पान. काळ्या मातीतले उघडले."

"राहू दे चार दिवस."

"चार दिवसांनं वाळन झाड."

"पान गळाले पाह्यजे ना वं. त्यालेच तं ताण म्हणतेत. झाड हिरवंगार राह्यलं का फुलावर येत नाही."

"थे काळ्या मातीचं बोला. हा मुरूम आहे. याच्यात पाणी टिकते कुठं?"

रुपरावने झाडाकडे पाहिलं, पान हातात घेतलं नाही. मृगाच्या पावसाला बाग फुलावर यावी म्हणून उन्हाळ्यात पाणी तोडायचं, हे तो बापापासून शिकला होता. काळ्या मातीतल्या बागेचं आधी तोडायचं, मुरमाचं बरंच उशिरा. हेही शिकला होता. पण यंदा त्याने दोन्ही तुकड्यांचे वॉल्व्ह एकाच दिवशी फिरवले होते.

"या आठवड्यात लाईन दुपारची आहे," तो म्हणाला. "अन् दुपारी मयुराचा पेपर राह्यते. मोटार लावू का पेपर घेऊ?"

तो परत ओळीच्या टोकाला गेला.

वॉल्व्ह फिरवले त्याच दिवशी तो मयुराला आणायला नागपूरला गेला होता. हॉस्टेलच्या मॅडमचा फोन आला होता. टेस्ट असली की तुमची मुलगी सकाळी उलट्या करते, डब्यातली पोळी तशीच परत येते, एकदा घेऊन जा. रुपराव म्हणाला होता, मेसचं जेवण. क्लासवाल्यांनी सांगितलं होतं, अभ्यास पूर्ण आहे, मार्क का पडत नाहीत ते कळत नाही. ते मात्र रुपरावला कळलं होतं. मागच्या वर्षी, मेडिकलच्या परीक्षेला पहिल्या वेळेस, त्यांनी मयुराला हिरवंगार ठेवलं होतं. खोलीत कूलर, हातात मोबाईल, मागितलं ते पानात. फूल धरलं नाही. यंदा मोबाईल त्याने आपल्या पेटीत ठेवला, मावसबहिणीच्या लग्नाला तिला नेलं नाही, आणि रोज दुपारी बागेतल्या मोटारीच्या खोलीला लागून असलेल्या टिनाच्या पडवीत खऱ्या परीक्षेच्या वेळेला तिचा पेपर घ्यायचं ठरवलं. परीक्षेच्या हॉलमध्ये पंखा असेल नसेल. सवय पाहिजे.

घरी अंगणात मयुराने जुनं धोतर अंथरून ठेवलं होतं. गोपिका आल्यावर दोघी मुगाच्या वड्या घालायला बसल्या. मयुराचा हात भराभर चालायचा. वड्या एकसारख्या पडायच्या.

"मुरमातले पानं पहाटेही उघडले नाहीत," गोपिका म्हणाली.

"नाही उघडणार. पानाच्या खालच्या अंगाले बारीक बारीक तोंडं असतात, आई. पाणी कमी पडलं का मूळ वर निरोप धाडते, तोंडं बंद करा म्हणून. बंद झाली का पाणी वाचते. पण मंग हवाही आत येत नाही. अन्न बनणं बंद."

"मंग?"

"मंग झाड जिवंत राह्यते. जिवंत राहण्याच्या पलीकडे काही करत नाही."

गोपिका तिच्याकडे पाहत राहिली. "एवढं येते तुले. अन् पेपरात काहून येत नाही वं माय?"

मयुराचा हात थांबला. बोटांवरचं वाटण तिने भांड्याच्या काठाला पुसलं.

"तिथं मले अक्षरं दिसतात. एकेक शब्द वाचता येते. पण वाक्य पुरं होईस्तोवर पहिला शब्द निघून गेला राह्यते. मंग पुन्हा वाचतो. मंग पुन्हा. बाजूची पोरगी पान उलटवते, अन् मी तिथंच राह्यतो."

"मागच्या सालीही असंच झालं का?"

"हाव."

"तू तं सांगतलं पेपर कठीण होता."

"सोपा होता. घरी येऊन सोडवला ना मी. पुरा सोडवला." तिने हात पुढे केला. "हे पाह्य. निसतं बोलून राहिलो तरी."

सकाळचं ऊन अंगणात आलं होतं, धोतराच्या कडेचा दगड हात लावू देत नव्हता. मयुराची बोटं मात्र विहिरीतून काढलेल्या कळशीसारखी गार होती आणि टोकाला पांढरी पडली होती. गोपिकाने ती दोन्ही हातांत धरून चोळली. ती लवकर गरम होईनात.

"आई, मले सांगाचं होतं तुम्हा दोघाईले. लय दिवसापासून..."

"डॉक्टरीणबाई!" फाटकातून आवाज आला. "उठल्या का?"

चंपतराव गुरुजी होते. गावच्या शाळेतून निवृत्त झालेले. स्कूटरच्या पुढे पाय ठेवायच्या जागी काहीतरी पोत्यात गुंडाळून आणलेलं.

"रुपरावनं बोलावलं मले. घरच्या मानसासमोर पेपर खरा वाटत नाही म्हणे. आजपासून मी सुपरवायझर." त्यांनी पोतं उलगडलं. आत शाळेतली जुनी पितळी घंटा होती. "शाळेत आता सायरन आहे. ही पडूनच होती. नीटचा पेपर आहे, बेटा, नीटच झाला पाह्यजे!"

या विनोदावर ते स्वतःच हसले. मयुराही हसली. तिने हात ओढणीखाली घेतले. दहावीला ती तालुक्यात वरच्या नंबरात आली तेव्हापासून गाव तिला डॉक्टरीणबाई म्हणत होतं. मागच्या वर्षीच्या निकालानंतरही म्हणत होतं. आवाज तोच होता, पण आता म्हणून झाल्यावर लोक थोडं थांबून तिच्या तोंडाकडे पाहायचे.

दुपारी पडवीतलं टिन कडकड वाजत होतं. मयुरा शाळेच्या जुन्या बाकावर बसली. गुरुजींनी घंटा आढ्याला टांगली, खुर्ची तिच्या समोर घेतली आणि टोल दिला. गोपिका काळ्या मातीतल्या झाडांच्या बुंध्यांना चुना-मोरचुदाचा लेप लावत होती. तिथून तिला पडवी दिसत होती.

घंटेचा आवाज विरेपर्यंत मयुरा हलली नाही. मग तिने पेन उचललं. टोपण उघडायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. तिने तळहात कुर्त्याला पुसला, उत्तरपत्रिकेवर गोल रंगवला, पुन्हा पुसला. कागदाच्या कडेला घामाचा ओला अंगठा उमटला. गुरुजी उठून तिच्या मागे जाऊन उभे राहिले. तिचे खांदे कानांपर्यंत वर आले.

कुंपणाच्या पलीकडे शेजारचा नत्थूजी बैल सोडून उभा होता.

"का गा, एवढ्या उन्हात काय करून राहिली पोट्टी?"

"चूप!" रुपराव बोरीच्या झाडाखालून दबक्या आवाजात ओरडला. "पेपर चालू आहे."

"मंग मी कुठं पेपर फोडून राहिलो?"

गुरुजींनी पुढचा टोल दिला. मयुराच्या हातातून पेन खाली पडलं, बाकाखाली गेलं. ते उचलून वर आल्यावर ती कागदावर कुठे होती ते शोधत राहिली. बोट वरून खाली, खालून वर. गोपिकाच्या हातातल्या कुंचल्यातून निळा लेप पायावर गळत होता, ते तिच्या उशिरा लक्षात आलं.

संध्याकाळी गुरुजींनी उत्तरं तपासली. नीटमध्ये चुकलेल्याचे मार्क कापतात. "बेरीज कमी, वजाबाकीच जास्त," ते म्हणाले, आणि जाता जाता पानठेल्यावर थांबून तेच म्हणाले असावेत. कारण दिवेलागणीला रुपराव ठेल्यावर गेला तेव्हा नत्थूजीने सगळ्यांदेखत विचारलं, "का गा रुपराव, डॉक्टरीणबाईनं आज दवाखाना उघडला का बंद केला?" लोक हसले. रुपरावही हसला, आणि सुपारी न घेताच घरी आला. ताटावर बसला, पण पोळीचा तुकडा मोडून तसाच ठेवला.

"उद्यापासून घंटा जास्त वेळा वाजवाले सांगतो गुरुजीले," तो म्हणाला. "सवय झाली का भेव जाते."

मयुरा चुलीजवळ भाजी वाढत होती. पळी भांड्याला लागून वाजली.

"बाबा, मी काय म्हणतो..."

"तू काही म्हणू नको. तुह्या दिमागात सबन आहे, मले माहीत आहे. बाहीर येऊन नाही राहिलं एवढंच."

तिने पळी भांड्यात ठेवली. गोपिकाने तिच्याकडे पाहिलं. मग रुपरावसमोरचं ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी मार्क आणखी खाली गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मयुराच्या पोटात पाणीही ठरेना. तरी दुपारी ती पडवीत जाऊन बसली.

गोपिका मुरमाच्या तुकड्यात गेली. आता पान हातात धरून पाहायची गरज नव्हती. वारा आला की झाडांचा आवाज बदललेला होता. वाळलेल्या कागदासारखा. तिने एक पान चुरलं, ते मोडलं. खाली जमिनीवर पानं फारशी नव्हती. ताण योग्य बसला की पानं गळतात. इथे ती फांदीवरच वाळत होती.

पडवीतून टोल ऐकू आला. मग बाक सरकल्याचा आवाज. गोपिका वळली तेव्हा मयुरा खोलीच्या मागे, भिंतीला हात लावून वाकली होती. बाहेर काही पडलं नाही, नुसतं अंग पिळवटत होतं. तिने ओढणीने तोंड पुसलं.

"वेळ थांबत नाही, बेटा," खुर्चीतून गुरुजी म्हणाले. दुष्टपणा नव्हता त्यात. शाळेत इतकी वर्षं म्हणत आले तेच म्हणाले.

"हो सर," म्हणून मयुरा परत बाकावर बसली.

गोपिका चालत मोटारीच्या खोलीत गेली. लाईन होती, तिन्ही दिवे लागलेले. तिने काळ्या मातीचा वॉल्व्ह बंदच ठेवला, मुरमाचा उघडला, आणि हिरवं बटण दाबलं.

मोटार जुनी होती. आधी घरघरली, मग तिने जोर धरला. टिन थरथरू लागलं. टांगलेली घंटा आपोआप किणकिणली.

रुपराव बोरीखालून धावत आला. "बंद कर वं! पागल झाली का?"

"मुरमाच्या झाडाईले जिवापुरतं पाणी देऊन राहिलो."

"पेपर चालू आहे!"

"पेपर उद्याही घेता येते."

"परवा निघाचं आहे आपल्याले. उद्या शेवटचा..." मोटारीच्या आवाजात त्याला ओरडावं लागत होतं. त्याने लाल बटणाकडे हात नेला. गोपिका बोर्डाच्या आड उभी राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती अशी कधी उभी राहिली नव्हती. त्याचा हात तिच्या खांद्याला लागून थांबला.

"काळ्या मातीले अन् मुरमाले एकच ताण देला तुम्ही," ती म्हणाली. "एका दिवशी दोन्ही वॉल्व्ह फिरवले."

"घाईत होतो तेव्हा."

"घाईतच होते. मी कुठं काय म्हणतो? पण आता तं दिसून राहिलं ना तुम्हाले?"

रुपरावने हात मागे घेतला. ती कशाबद्दल बोलते आहे हे त्याला कळलं की नाही, हे तिला कळलं नाही.

गुरुजी दारात आले होते. "रुपराव, असं होत असन तं मले कायले बोलावलं गा? मी काही रिकामा बसलो नाही." त्यांनी घंटा खाली उतरवली, पोत्यात गुंडाळली. रुपराव त्यांच्या मागे कुंपणापर्यंत गेला, तिथून रस्त्यापर्यंत. स्कूटर चालू झाली, थांबली, पुन्हा चालू झाली. तो त्यांच्या मागच्या सीटवर बसून समजूत घालत गावाकडे गेला.

पडवीत कोणी उरलं नाही. गोपिका नळ्या पाहत झाडांमधून फिरू लागली. नळीच्या छिद्रांतून आधी फसफस हवा आली, मग पाणी. मुरमाने ते आवाज करून प्यायलं. तिने एकदाच वळून पाहिलं. मयुरा एक पाय बाकावर घेऊन बसली होती, ओढणी मानेवरून काढून बाजूला ठेवलेली, आणि डोकं खाली घालून लिहीत होती.

रुपराव परत आला तेव्हा ऊन उतरलं होतं. मयुराने कागद त्याच्या हातात दिला. घरी येऊन त्याने स्वतःच उत्तरं ताडून पाहिली, अक्षरांवर बोट ठेवून. मग पुन्हा पाहिली. मग उठून अंगणात आला.

"गोपिका! सातशे वीसात सहाशेच्या वर गेली वं! सहाशेच्या वर!" त्याचा आवाज फाटला. "पाह्यलं का? ताण कामी आला. म्हणलं होतं का नाही मी? आता तुटला ताण, आता फूलच फूल!"

"बाबा," मयुरा म्हणाली, "तेव्हा तिथं कोणी नोयतं."

"हाव ना! कोणी राहो का नको राहो, मोटार बोंबलो का घंटा वाजो, आपला पेपर आपण देल्ला. झालं!"

"तसं नाही म्हणून राहिलो मी. कोणी पाहत नोयतं म्हणून मले..."

पण त्याने फोन लावला होता. नागपुरात जरीपटक्यात राहणाऱ्या बहिणीला, शोभाताईला. "शोभे, परवा येतो आम्ही. सेंटर तुह्या घरून जवळच आहे. पोट्टीनं कमाल केली..." बोलत बोलत तो फाटकाबाहेर गेला, नत्थूजीच्या घराच्या दिशेने.

मयुरा उंबऱ्यावर बसली. गोपिका तिच्यापाशी आली. मोटार लावली तेव्हा लेकीला मोकळा श्वास मिळेल असं तिला वाटलं होतं. झालं होतं उलटंच. आता रुपरावच्या हातात पुरावा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे नवराबायको मुरमाच्या तुकड्यात गेले. काही झाडांची पानं उघडली होती. काहींवर ती तशीच होती, तपकिरी, फांदीला चिकटलेली. रुपरावने एक फांदी वाकवली. ती वाकली नाही, मोडली. आत कुठेही हिरवं नव्हतं. मोडलेली फांदी त्याने टाकली नाही, हातात घेऊनच घरी आला. त्या दिवशी त्याने पेपर घेतला नाही. "आराम करू दे," एवढंच म्हणाला.

शनिवारी सकाळी ते काटोलच्या स्टँडवर आले. रुपराव आणि मयुरा दोघंच जाणार होते. पण घरातून निघताना मयुराने आईचा दंड धरला आणि सोडलाच नाही, म्हणून गोपिका चप्पल घालून तशीच निघाली. पाण्याचं पाहायला नत्थूजीला सांगितलं. तो म्हणाला, "पाह्यतो ना. डॉक्टरीणबाईले म्हणा, माह्या गुडघ्याचं ध्यानात ठेवा." मग नेहमीसारखा तोंडाकडे पाहत थांबला.

बस लागायची होती. रुपराव चौकशीच्या खिडकीवर गेला. मयुरा नळाशी जाऊन चूळ भरत होती. भरून टाकली, पुन्हा भरली. चेहऱ्यावर पाणी मारलं तरी ओठ पांढरेच.

"आई, तू सांग ना त्याहीले."

गोपिकाला काय सांगायचं ते विचारावं लागलं नाही. अंगणात वड्या घालताना जे अर्धं राहिलं होतं, ते तिने त्याच दिवशी पुरं ऐकलं होतं, मयुराने न बोलताच.

"मी सांगतलं तं थे माह्यं बोलणं होईन," ती म्हणाली. "म्हणतीन, मायनं बिघडवलं. मंग मायले चूप करतीन अन् तुले पेपरले नेतीन. तू सांग. मी तुह्या बाजूले बसून राह्यतो."

"मले नाही जमत. तोंड उघडलं का घसा बंद होते."

"झाला तं झाला. पुन्हा उघड."

"त्याहीले लय लागन, आई."

"लागन," गोपिका म्हणाली.

बस आली. गर्दी होती, पण रुपरावने खिडकीतून पिशवी टाकून तिघांची सीट धरली. मयुराला खिडकी दिली, मध्ये गोपिका, कडेला तो. त्याने नवा पांढरा शर्ट घातला होता. घड्या अजून मोडल्या नव्हत्या, नखांच्या कडेला मोरचूद मात्र राहिला होता. तो पुढच्या सीटवरच्या माणसाशी बोलू लागला. पोरीचा उद्या पेपर. हो, डॉक्टरकीचाच. हो, एकुलती एक.

"वा, वा," तो माणूस मागे वळून म्हणाला. "भेव वाटते का, बेटा?"

"तिले कायचं भेव?" रुपराव म्हणाला. "परवा सहाशेच्या वर पाडले."

गोपिकाने सीटवर ठेवलेल्या मयुराच्या मनगटावर हात ठेवला. अंगठ्याखाली नाडी इतकी भरभर उडत होती की ठोके वेगळे लागत नव्हते. हात बर्फासारखा होता. तिने दाबला नाही, चोळला नाही. फक्त ठेवला.

कंडक्टर मागून तिकिटं काढत पुढे येत होता. बसने स्टँडचं वळण घेतलं, फळबाजाराच्या बाजूने निघाली. मयुराने तोंड उघडलं आणि मिटलं. खिडकीकडे पाहिलं. पुन्हा उघडलं.

"हं, कुठं?" कंडक्टर त्यांच्या सीटशी आला.

"नागपूर. तीन द्या."

कंडक्टरने मशीनवर बोट ठेवलं.

"काका, थांबा. काढू नका."

कंडक्टरचं बोट तसंच राहिलं. पुढच्या सीटवरचा माणूस पुन्हा मागे वळला. रुपराव गोपिकाच्या अंगावरून वाकून पाहू लागला.

"काय झालं? ओकारी येऊन राहिली का? पिशवी देऊ?"

"नाही."

"मंग?"

मयुराने आईकडे पाहिलं नाही. दोन्ही हात ओढणीखाली न घेता मांडीवर उपडे ठेवले.

"बाबा," ती म्हणाली, सगळ्या बसला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "मी पेपरले बसत नाही. उद्याही नाही, अन् पुढच्या सालीही नाही."